चार पानांचा ठराव

१० जुलै, गुरुवार — आषाढ पौर्णिमा

लागली वाट! पहिल्याच दिवशी एक ओळ दोनदा वाचली मी.

अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. वर्षावास सुरू झाला, विहार गच्च भरलेला, पांढऱ्या साड्या, फुलं, उदबत्त्या — आणि मी मारे आवाज लावून तीच ओळ पुन्हा! कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणा. फक्त मागच्या खांबाला टेकून राजकुमार बसला होता, डोळे मिटून, नेहमीसारखा. तो झोपेत बडबडला — "हे झालं ताई." बायका फिदीफिदी हसल्या. मी पण हसले. आतून चरकले.

हा राजकुमार म्हणजे एक नमुना आहे. वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालेला. मी एकोणीस वर्षं वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी धम्मकथांचा ग्रंथ वाचते. आणि हा एकोणीस वर्षं त्या खांबाला टेकून झोपतो! घोरत नाही एवढे उपकार.

१२ जुलै, शनिवार

आज अक्षरं जास्त हलली. अंदाजानं रेटलं.

डोळ्याचं कुणाला सांगायचं नाही. शालूलाही नाही. कळलं की माझी वाचनाची खुर्ची गेली! आमचे अध्यक्ष त्रिंबकदादा कालच म्हणत होते, "सुकेशनीताई, पुढच्या साली नव्या पिढीला संधी द्यावी का, विचार करू." कोणती नवी पिढी? ती तर विहाराच्या बाहेर गाडीवर बसून मोबाईल खाजवते.

टेलिफोन एक्स्चेंजमधे जन्म गेला माझा. आवाजावर भाकर खाल्ली. रिटायर झाले, हे गेले, शालू पुण्याला गेली. दिवसभर घरात कुकरशिवाय कुणी बोलत नाही. त्या खुर्चीत बसले की पुन्हा लाईन जोडल्यासारखी वाटते. ती खुर्ची मी सोडणार नाही. बस्स.

१३ जुलै, रविवार

शालूला फोनवर सांगून बसले! "आई, रडतेस का?" म्हणाली. रडत नव्हते, सर्दी होती. ती काहीतरी पाठवतेय.

१५ जुलै, मंगळवार

आली. ई-रीडर म्हणायचं म्हणे. मला तर शाळेतली पाटीच वाटते, म्हणून पाटी.

शालूनं फोनवर तासभर शिकवलं. ग्रंथ आत घालूनच पाठवलाय. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं! मी वाढवत गेले, वाढवत गेले — शेवटी पानावर एकच शब्द राहिला, "आणि". मग दोन पावलं मागं आले. आता पानावर सात-आठ ओळी मावतात, पण एकूण एक अक्षर उभं राहतं. हलत नाही, थरथरत नाही. रडलेच. या वेळी सर्दी नव्हती.

पण वास नाही. आमचा छापील ग्रंथ उघडला की उदबत्ती, जुना डिंक आणि मंजुळाबाईचा पानाचा डबा, सगळं एकदम येतं. शिवाय मांडीवर वजन पाहिजे. ही पाटी मांडीवर आहे का नाही तेच कळत नाही.

आणि हे लिहायलाच पाहिजे! आमच्या ग्रंथातलं शेवटच्या कथेचं एक पान वाळवीनं खाल्लंय, माझ्या आधीपासूनच. व्यापारी नदीपाशी येतो, नदीला पूर — आणि पुढच्या पानावर तो थेट घरी, बायको पायावर पाणी घालतेय. मधे काय झालं? पहिल्या वर्षी मी तिथं अडकले. खोकले, "मंजुळाबाई, पाणी द्या" म्हणाले, दोन घोट प्याले आणि मनानंच सांगितलं — "थोड्या वेळानं नदीला दया आली, पाणी ओसरलं आणि व्यापारी पार झाला." तेव्हापासून दर साली तिथं खोकला, पाणी, आणि नदीची दया.

आज पाटीत ते पान सापडलं. नदी ओसरतच नाही! व्यापारी काठावरच्या एका म्हातारीच्या झोपडीत सगळा पावसाळा राहतो, तिचं छप्पर शाकारून देतो. आणि मी खामखा त्याला दर साली पार लावत होते.

यंदा ते खरं पान मी वाचणार. समारोपाला. मीच!

१६ जुलै, बुधवार

कमिटीची मीटिंग. विषय एकच — पाटी हा ग्रंथ आहे का?

त्रिंबकदादा रिटायर तलाठी आहेत. ठराव केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. पहिला प्रश्न त्यांचाच — "यात ग्रंथाशिवाय दुसरं काय आहे?" मी म्हणाले, काही नाही. "मग रिकाम्या जागेत काय आहे?" आता काय सांगणार कपाळ!

मंजुळाबाई नव्वदीला टेकल्या. त्या म्हणाल्या, "ग्रंथ मिटवून ठेवतेत. ह्याला मिटवायचं कसं?" मी बटण दाबून दाखवलं. "मिटला का झोपला?" झोपला, म्हणाले. "मंग ठीकाय. राजकुमार पण झोपतोच."

राजकुमारला कागद वाचायला दिला तर हा खिसे चाचपत म्हणतो, "चष्मा घरी राहिला. वाचा की ताई तुम्हीच." याचा चष्मा कायम घरी! मी तर कधी पाहिला नाही. काखेत पेपर मात्र रोज.

शेवटी ठराव झाला. पाटीला पांढरं वस्त्र, पाटीपुढं फूल, आणि — "छापील ग्रंथाची पाने तीनशे साठ, दिवस नव्वद, सबब दररोज पाने चार, कमी नाही जास्त नाही." सह्या झाल्या.

१८ जुलै, शुक्रवार

पाटीवर पहिलं वाचन. झोकात झालं!

एकच गोष्ट. वाचनाआधी ग्रंथ कपाळाला लावायची सवय. तशी पाटी लावली. खाली घेऊन बघते तर ग्रंथ गायब, भलतंच काहीतरी उघडलेलं, त्यावर चित्रं! समोर शंभर माणसं हात जोडून. मी पण हात जोडले. मग कसंबसं परत आले.

चार पानं फार लवकर संपली. वाटलं, आवाज मोकळा लागला म्हणून.

१९ जुलै, शनिवार

शालूचा फोन. "आई, तू 'घरच्या घरी अळंबी लागवड' का विकत घेतलंस?" मी नाही घेतलं, कपाळानं घेतलं.

२३ जुलै, बुधवार

आज पाटीवर ओलं शेवंतीचं फूल वाहिलं आशाबाईनं. आशाबाई म्हणजे राजकुमारची बायको, फार भाविक. फुलाचं पाणी लागलं आणि पानं आपोआप उलटायला लागली. सरसर! आशाबाईनं हात जोडले, म्हणाली, "बघा, आपोआप वाचतंय." सगळ्यांनी साधू साधू केलं. मी पदरानं पुसलं. पुसताना आणखी तीन कथा पुढं गेलो. परत कथा शोधेपर्यंत घाम फुटला मला.

ठराव दुसरा — फूल बाजूला, चार बोटं अंतर.

४ ऑगस्ट, सोमवार

गर्दी वाढतेय! आज बाहेर चपलांचा ढीग. माझ्या वाचनाची अशी इज्जत कधीच झाली नव्हती.

गेल्या गुरुवारी राजा घोड्यावर बसायला निघाला. शुक्रवारी त्यानं रिकिबीत पाय घातला. शनिवारी दुसरा पाय. काल बसला. आज घोडा हलला आणि चार पानं संपली. एवढी हळहळ झाली की विचारू नका! एक पोरगी आईला म्हणाली, "आई, उद्या लवकर जाऊ, घोडा पळणार." आशाबाई तर म्हणाली, "ताई, तुम्ही किती ऐन वक्ताला थांबता. सिरियलवाल्यांना जमत नाही."

मी मान डोलावली. मी थांबत नाही बाई, ठराव थांबवतो.

त्रिंबकदादा शेजारी बसून बोटं मोजतात. चौथं पान झालं की घसा खाकरतात. चहा मात्र आता वाचनापेक्षा जास्त वेळ चालतो.

राजकुमार खांबाला टेकूनच. हल्ली झोपेत कपाळाला आठ्या घालतो. अपचन असेल.

५ सप्टेंबर, शुक्रवार

घात! घात! घात!

शेजारची पोर पाटी बघायला आली. म्हणाली, "आजी, तुमचं अठराच टक्के झालंय." काय अठरा टक्के? तर म्हणे खाली कोपऱ्यात बारीक आकडा असतो. तो मला कधी दिसलाच नाही, कारण तो काही मोठा होत नाही.

तीनशे साठ पानांचा ग्रंथ! मोठ्या अक्षरानं पाटीत त्याची दोन हजारांवर पानं झालीत. रोज चार! या चालीनं व्यापारी नदीपाशी पोचायला आणखी वर्ष-दीड वर्ष. आणि समारोपाला महिना राहिलाय. खीरदान ठरलंय, बाहेरून भंतेजी यायचेत.

अक्षर बारीक करून बघितलं. मुंग्या. नुसत्या मुंग्या.

७ सप्टेंबर, रविवार

सांगून टाकलं. दुसरा इलाजच नव्हता.

त्रिंबकदादांनी ठरावाची वही उघडली. मग म्हणाले, "पण ठरावाचा भंग झालेला नाही." वहीत बघितलं. "पाने चार. चारच वाचली." मग दुरुस्ती सुचवली — वर्षावास पुढच्या आषाढापर्यंत वाढवावा! मंजुळाबाई म्हणाल्या, "त्रिंबक, पौर्णिमा काय तुझ्या सहीनं येती व्हय रे?"

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. "छापील घ्या की ताई," आशाबाई म्हणाली. छापील ग्रंथ पुढं ठेवला. मी उघडला. वास आला, वजन आलं, अक्षर आलं नाही. मी नुसती पानावर हात ठेवून बसले. तेव्हा कळलं सगळ्यांना. आशाबाईनं ग्रंथ हळूच मिटला, तेच जास्त लागलं.

आणि मागून, खांबापासून आवाज — "मी वाचतो."

राजकुमार! अरे, तू?

"जावयानं टॅब दिलाय मॅच बघायला. त्याच्यात ग्रंथ टाकून देतो म्हणला. त्याच्यात अक्षर लई मोठं. चष्मा लागत नाय."

ठराव झाला. रोज पानं नाही, कथा मोजायच्या; ताईंच्या डोळ्यांना ताण नको, वाचन राजकुमारनं करायचं. माझी सही सगळ्यात वाकडी आली.

९ सप्टेंबर, मंगळवार

गेले नाही विहारात. पोट दुखत होतं म्हणून सांगितलं. आशाबाई डब्यात खिचडी घेऊन आली. म्हणाली, "ह्यांनी लई छान वाचलं." खिचडी खारट होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गेले. न जाऊन सांगू कुणाला!

टॅब म्हणजे ट्यूबलाईटच. राजकुमारचा चेहरा खालून निळा. पावसाळी पाखरं सगळी टॅबवर! पाटीवर एक पाखरू कधी बसलं नाही, हे मी आशाबाईला ऐकवलं. वर टुंग टुंग वाजतं. मधेच त्याच्या जावयाचा फोन आला, तोंडाचा फोन. अख्ख्या काचेवर जावयाचा चेहरा, दात घासतोय — आणि राजकुमार वाचतोच आहे! खंड नाही, अडखळणं नाही. जावई पण ब्रश थांबवून ऐकायला लागला.

"चेहऱ्याच्या आरपार वाचतो का हा?" मी विचारलं.

त्रिंबकदादा म्हणाले, "टॅबमधे दोन कामं एकदम होतात. तुमच्या पाटीत ती सोय नाही."

बरं बाबा. नाही सोय.

वाचतो मात्र बरा. हे फक्त इथं लिहितेय. थांबायच्या जागी थांबतो. "हे भिक्खूंनो" म्हणताना आवाज खाली आणतो, वर नेत नाही. हे मी शोधून काढलेलं आहे, एक्स्चेंजमधलं — माणूस रागात असला की आवाज खाली आणायचा. नक्कल करतो नालायक!

१६ सप्टेंबर, मंगळवार

घाटी दवाखान्यात डोळे तपासले. मोतीबिंदू. दोन्ही डोळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढे दिवस कशा वाचत होत्या आजी?" म्हणाले, "चार-चार पानं."

२२ सप्टेंबर, सोमवार

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. शालू आलीय. हे तिच्या नकळत, ओळी वाकड्या लिहितेय. आठ-दहा दिवस वाचायचं नाही, वाकायचं नाही, रडायचं नाही. शेवटचं तिनं स्वतः जोडलं बहुतेक.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काळा चष्मा लावून विहारात गेले. पुढं उजेड फार, म्हणून मागं त्या खांबाला टेकून बसले. राजकुमारच्या जागेवर! डोळे मिटले.

काय सांगू! तिथं आवाज असा येतो — सरळ, स्वच्छ, पंख्याची घरघर नाही, चपलांची खसखस नाही. शब्द न् शब्द येऊन कानात बसतो. अख्ख्या विहारात ऐकायला तीच जागा. कुणाला ठाऊकच नाही.

आशाबाईचा आवाज आला — "श्श! ताई झोपल्या."

मी झोपले नव्हते!

२ ऑक्टोबर, गुरुवार — विजयादशमी

धम्मचक्र दिनासाठी बुद्धलेणीला जायचं होतं, शालूनं जाऊ दिलं नाही. गर्दी, धूळ. घरीच वंदना घेतली.

त्रिंबकदादा येऊन गेले. हिशोब जमलाय, समारोपाला शेवटची कथा येते. तोंडातून निघून गेलं माझ्या — "दादा, शेवटची कथा मी वाचू का? पाटीवर?" ते म्हणाले, "ठराव राजकुमारच्या नावानं आहे." आणि निघताना, "पुढच्या सालचं पण सगळे तेच म्हणतायत, ताई. तुम्ही आता आराम करा."

आराम! आराम म्हणजे काय ते माझ्या कुकरला विचारा.

६ ऑक्टोबर, सोमवार

डोळ्यावरची हिरवी पट्टी कधीच गेली, आज काळा चष्मा पण काढला. देवा रे! म्हणजे — अरे बापरे! भिंतीला केवढ्या भेगा आहेत माझ्या. कॅलेंडरवरची बारीक अक्षरं सुद्धा दिसतात. पाटीतला तो कोपऱ्यातला आकडा पण दिसला. आता दिसून काय उपयोग?

उद्या नदी. टॅबमधे पान पूर्ण आहे. व्यापारी उद्या काठावर राहणार, म्हातारीचं छप्पर शाकारणार, आणि ते ऐकवणार राजकुमार. एकोणीस वर्षं मी राखलेली जागा! लोक विचारतील, "ताई, तुमच्या वाचनात तर नदी ओसरायची." विचारू देत. पण ते पान माझं होतं. माझंच होतं ते. मला आज भयंकर राग आलाय आणि शालूची रडायला बंदी अजून उठलेली नाही.

पाटी चार्ज करून ठेवली. शेवटची कथा उघडून. चुकून त्याचा टॅब बिघडला तर हातासरशी असावी. बिघडो बापडा.

७ ऑक्टोबर, मंगळवार — आश्विन पौर्णिमा

पहिल्या रांगेत बसले, राजकुमारच्या अगदी समोर. पाटी पिशवीत.

व्यापारी नदीपाशी आला. नदीला पूर. राजकुमार थांबला. खोकला. म्हणाला, "मंजुळाबाई, पाणी द्या." दोन घोट प्याला. आणि — "थोड्या वेळानं नदीला दया आली, पाणी ओसरलं आणि व्यापारी पार झाला."

मी मान उंच करून टॅबकडं बघितलं, नव्या डोळ्यानं. काच काळी होती. बंद. त्याचा अंगठा तेवढा पानं उलटत होता.

शेजारी आशाबाई पुटपुटली, "कुणाला सांगू नका ताई. चष्मा कधी नव्हताच ह्यांना. शाळाच कुठं होती? जे हाय ते तुमचंच ऐकलेलं." मी पिशवीत हात घालून पाटी झोपवली.

एकोणीस वर्षं त्या विहारात एकटा तोच जागा होता.